‘टुडे ओन्ली’ म्हटलं आणि पाहुणा रागावला

पत्र

मी पेडणे तालुक्यातल्या एका बीच रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला आहे, येणारा सीझन माझा तिसरा. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. बाराही टेन्स आजसुद्धा तक्त्यासकट पाठ आहेत. पण पाहुणा काउंटरवर आला की वाक्य अर्ध्यात अडतं, नाहीतर भलतंच बाहेर पडतं. गेल्या सीझनला एकांना “द योगा क्लास इज टुडे ओन्ली” असं सांगितलं. मला म्हणायचं होतं, आजच आहे. ते मात्र उद्या का नाही म्हणून माझ्यावरच रागावले. आणखी एक. हे पाहुणे स्वतः “मी अँड माय वाइफ”, “देअर्स टू बॅग्ज” असं बोलतात. शाळेत आमच्या बाईंनी ते लाल शाईने खोडलं असतं. मग खरं व्याकरण कुठलं? चतुर्थी झाली की बुकिंग वाढायला लागतील. तोवर नेमकं काय शिकू?

– एक वाचक, पेडणे

उत्तर

तक्ता आधी बाजूला ठेवा. तो चुकीचा नाही, पण त्यात बाराही खणांना सारखीच जागा मिळते आणि बोलण्यात तसं काही नसतं. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे दहा कोटी शब्दांचा संग्रह १९९४ मध्ये पूर्ण झाला. त्यातले एक कोटीच्या आसपास शब्द लोकांच्या प्रत्यक्ष बोलण्यातून टिपलेले आहेत. अशा संग्रहांवर काम करणाऱ्या व्याकरणकारांना दिसलं ते असं: शंभरातली नव्वदच्या आसपास क्रियापदं साध्या रूपात येतात आणि चालू व पूर्ण काळांची सगळी रूपं मिळून उरलेली जागा भरतात. “आय विल हॅव बीन वेटिंग” हे रूप अख्ख्या सीझनमध्ये काउंटरवर एकदा ऐकू आलं तरी नवल. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर सगळ्यात जास्त घाम गाळला, ते सगळ्यात कमी लागतं.

मग वाक्य अडतं कुठे? बहुतेक वेळा काळावर नाही, क्रियापदाच्या पुढे. “सजेस्ट”च्या पुढे “टु” येतं की “आयएनजी” लागतं, “एक्सप्लेन”नंतर माणूस लगेच येतो की मध्ये “टु” लागतो, हे ठाऊक नसल्यामुळे जीभ थांबते. आणि भलतंच बाहेर पडतं ते मराठी वाक्याची घडण तशीच्या तशी इंग्रजीत उतरल्यामुळे. या उतरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, फार नाहीत. त्यातल्या ज्या जागी अर्थच उलटतो त्या आधी धरा, ज्या जागी बोलणं उद्धट वाटतं त्या नंतर, आणि ज्या जागी नुसतं “हे इंग्रजी परकं आहे” एवढंच कळतं त्या सगळ्यात शेवटी. शाळेत क्रम नेमका उलटा असतो.

तुमचं “ओन्ली” पहिल्या गटातलं. मराठीत आपण “च” लावून शब्दावर जोर देतो. आपल्याकडे त्या “च”च्या जागी “ओन्ली” किंवा “इटसेल्फ” बसवायची सवय पडली आहे, आणि देशी पाहुण्याला त्यात काही वावगं वाटत नाही. इंग्लंडहून आलेल्याला मात्र “टुडे ओन्ली”चा अर्थ फक्त आजच्यापुरतं, उद्यापासून बंद, असाच लागतो. कसोटी सोपी आहे. मराठी वाक्यात “च”ऐवजी “फक्त” घालून अर्थ टिकत असेल तर “ओन्ली” ठेवा: “कॅश ओन्ली”, “गेस्ट्स ओन्ली”. टिकत नसेल तर काढून टाका आणि जोर आवाजाने द्या: “द योगा क्लास इज टुडे, ॲट फाइव्ह.” आत्ताच फोन केला, तर “आय’व्ह जस्ट कॉल्ड देम.” इथेच थांबा, तर “राइट हिअर.” आजच्या आज करून देते, तर “बाय धिस इव्हनिंग.” “च”ला इंग्रजीत एक ठरलेला शब्द नाही, म्हणून एकच शब्द सगळीकडे लावला की गोंधळ होतो.

याहून जास्त गोत्यात आणतं ते होकार-नकाराचं. पाहुणा विचारतो, “यू डोन्ट हॅव माय पासपोर्ट?” तुमच्याकडे पासपोर्ट नाही. मराठी मन म्हणतं, “हो, नाही माझ्याकडे”, म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे. तोंडातून “येस” निघतं, आणि पाहुण्याला वाटतं पासपोर्ट तुमच्याजवळ आहे. मराठीत “हो” हा समोरच्याच्या वाक्याला दुजोरा असतो. इंग्रजीत “येस” आणि “नो” वस्तुस्थितीला चिकटलेले असतात. आहे तर “येस, वी डू”, नाही तर “नो, वी डोन्ट”, प्रश्न कसाही विचारलेला असो. नुसतं “येस” किंवा “नो” कधीच म्हणू नका, शेपटी लावा. शेपटी लावली की चूक झाली तरी ती स्वतःलाच ऐकू येते.

“माइंड”चा प्रश्न याच जातीचा. “डू यू माइंड इफ आय लीव्ह माय बॅग्ज हिअर?” म्हणजे बॅगा इथे ठेवल्या तर तुमची हरकत आहे का. “येस” म्हटलंत तर हरकत आहे असा अर्थ. “नॉट ॲट ऑल” हे एक उत्तर ओठांवर बसवा. आणि उलट बाजूने, पाहुण्याला थांबवायचं असेल तेव्हा “वुड यू माइंड” नंतर नेहमी आयएनजीचं रूप: “वुड यू माइंड वेटिंग फॉर फाइव्ह मिनिट्स?” इथे “टु वेट” चालत नाही.

रिसेप्शनवर रोज लागणारी एक जोडी पाहा. “हाउ लाँग आर यू हिअर फॉर?” म्हणजे एकूण किती दिवसांचा मुक्काम. “हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?” म्हणजे येऊन किती दिवस झाले. मराठीत “किती दिवस आहात” आणि “किती दिवस झाले” असे दोन वेगळे प्रश्न आहेतच, तेच दोन इथे वेगळ्या रूपांत येतात. पहिल्यातला शेवटचा “फॉर” ठळक उच्चारा, अर्थ तिथेच पक्का होतो.

अर्थ उलटवणारी आणखी एक जागा “स्टॉप”च्या पुढची. “प्लीज स्टॉप टु स्मोक” म्हणजे थांबा आणि सिगारेट ओढा. बंद करा म्हणायचं असेल तर “स्टॉप स्मोकिंग”. आणि काउंटरवर यातलं काहीच नको. “आय’म अफ्रेड यू कान्ट स्मोक हिअर, बट देअर’ज अ स्पॉट आउटसाइड” हे पुरे.

आता या वाक्यातल्या “कान्ट”बद्दल. आपण “कॅन” हा शब्द पूर्ण, ठळक उच्चारतो. ब्रिटिश आणि अमेरिकन माणूस बोलण्याच्या ओघात तो जवळपास गिळतो, “आय क्न हेल्प यू” असा. नकाराचं “कान्ट” (अमेरिकन उच्चार “कॅन्ट”) मात्र तो जोराने म्हणतो, आणि अमेरिकनांच्या तोंडी त्यातला शेवटचा ट ऐकूच येत नाही. परिणाम असा की तुमचं ठसठशीत “वी कॅन डू इट” त्यांना “कॅन्ट”सारखं वाटू शकतं. होकार असेल तर “कॅन” हलका घ्या आणि पुढच्या क्रियापदावर जोर द्या. नकार असेल तर आधी “आय’म अफ्रेड” किंवा “सॉरी” लावा. मग शब्द ऐकू आला नाही तरी सूर पोचतो.

दुसरा गट उद्धटपणाचा. यात दोष तुमच्या स्वभावाचा नाही, क्रियापदाच्या रूपाचा आहे. मराठीत “पासपोर्ट द्या” म्हटलं की आदर “द्या”मध्येच आला. “दे” म्हटलं नाही एवढ्यात काम झालं. इंग्रजीत “गिव्ह” हे एकच रूप, राजाला तेच आणि भिकाऱ्याला तेच. “प्लीज” जोडूनही “गिव्ह मी युअर पासपोर्ट, प्लीज” पोलिसी वाटतं. इंग्रजी अदब दोन मार्गांनी येते. आज्ञेचा प्रश्न करणे: “कुड आय सी युअर पासपोर्ट, प्लीज?” आणि वर्तमानाचं भूतकाळी रूप करणे: “कॅन”चं “कुड”, “विल”चं “वुड”, “वाँट”चं “वाँटेड”. हे आपल्याला परकं नाही. सरकारी कचेरीत खिडकीशी उभं राहून “जरा विचारायचं होतं” म्हणतो तेव्हा आपणही विचारण्याच्या आतच “होतं” म्हणतो. इंग्रजीतलं “आय वाँटेड टु आस्क” आणि “आय वॉज वंडरिंग इफ” नेमकं तेच करतं. परदेशी पाहुण्याची माहिती, जिला आपण सी फॉर्म म्हणत आलो, चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. तेव्हा “कुड आय टेक अ कॉपी ऑफ युअर पासपोर्ट अँड व्हिसा? इट्स रिक्वायर्ड बाय लॉ” हे दोन तुकडे एका दमात पाठ असू द्या. कारण सांगितलं की मागणी आपोआप मऊ होते.

आता क्रियापदांच्या शेपट्या. तुमचा बराचसा वेळ इथे जायला हवा. शब्द एकटा पाठ करू नका. त्याच्या पुढे काय येतं ते सोबत घेऊनच पाठ करा.

रिसेप्शनवरचं सगळ्यात कामाचं वाक्य आहे “वुड यू लाइक मी टु…?” मी टॅक्सी बोलवू का: “वुड यू लाइक मी टु कॉल अ कॅब?” सामान वर पाठवू का: “वुड यू लाइक मी टु सेंड युअर बॅग्ज अप?” मराठीतल्या “मी… करू का?”ला हा साचा जवळपास नेहमी बसतो. “वाँट” आणि “नीड” यांचीही तीच चाल, आधी माणूस मग “टु”: “आय नीड यू टु साइन हिअर.” “आय वाँट दॅट यू साइन” असं कधीच होत नाही. “तुम्ही सही करावी अशी माझी इच्छा आहे” या वाक्याचा तो सांगाडा आहे.

“सजेस्ट”ला मात्र ही चाल चालत नाही, आणि “रेकमेंड”लाही ती टाळलेली बरी. “आय सजेस्ट यू टु गो अर्ली” ही आपल्याकडची फार पसरलेली चूक. बरोबर दोन प्रकार आहेत: “आय’ड सजेस्ट गोइंग अर्ली” किंवा “आय’ड सजेस्ट यू गो अर्ली”, दुसऱ्यात “टु” नाही. वस्तू असेल तर थेट वस्तू: “आय’ड रेकमेंड द फिश थाळी.” “एक्सप्लेन”ला माणूस लगेच चिकटत नाही, “एक्सप्लेन मी” नाही, “एक्सप्लेन इट टु मी.” “टेल”ला माणूस बहुतेक वेळा लागतोच आणि “से”ला थेट लागत नाही: “ही टोल्ड मी”, “ही सेड.” मराठीत दोन्हीकडे “मला” येतं, म्हणून “ही सेड मी” होऊन बसतं.

काही क्रियापदांना आपण नको असलेली शेपटी लावतो, कारण मराठीत तिथे “विषयी”, “ला”, “साठी” असतं. “डिस्कस अबाउट” नाही, “डिस्कस द बुकिंग.” “रीच टु पणजी” नाही, “रीच पणजी.” “ऑर्डर फॉर टू कॉफीज” नाही, “ऑर्डर टू कॉफीज.” “रिक्वेस्ट”ची गंमत आहे. क्रियापद असताना “फॉर” नाही, “ही रिक्वेस्टेड अ लेट चेकआउट”, नाम झालं की “फॉर” आला, “अ रिक्वेस्ट फॉर अ लेट चेकआउट.” तसंच “डिस्कस अबाउट” चुकलं तरी “अ डिस्कशन अबाउट” बरोबर. गोंधळ बहुतेक इथूनच सुरू होतो.

“लुक फॉरवर्ड टु” मधला “टु” हा “टु गो”मधला नाही, म्हणून त्याच्यापुढे आयएनजी: “वी लुक फॉरवर्ड टु सीइंग यू.” ईमेलच्या शेवटी हे वाक्य जातंच, तेव्हा एकदाच नीट लिहून साठवून ठेवा.

दुसऱ्याकडून काम करून घेण्याची रचना तुमच्या धंद्यात पदोपदी लागते आणि शाळेच्या पुस्तकात ती शेवटच्या पानावर असते. एसी बिघडला, तुम्ही स्वतः दुरुस्त करणार नाही, माणूस पाठवणार. “आय’ल हॅव समवन लुक ॲट इट.” इथे “हॅव”, मग माणूस, मग क्रियापदाचं मूळ रूप, मध्ये “टु” नाही. माणसाचा उल्लेख नको असेल तर “हॅव”, मग वस्तू, मग तिसरं रूप: “आय’ल हॅव द टॉवेल्स सेंट अप.” “गेट” वापरलं की नियम थोडा फिरतो. माणूस आला तर “टु” येतो, “आय’ल गेट समवन टु लुक ॲट इट”, वस्तू आली तर तिसरंच रूप, “आय’ल गेट इट फिक्स्ड.” ही चार वाक्यं आणि दहा तक्रारी, म्हणजे गळणारा नळ, न चालणारा वायफाय, मुंग्या, गाद्या, गीझर असं घेऊन चाळीस वाक्यं होतात. तेवढी मोठ्याने म्हटली की हात बसतो.

“पिक अप”, “फिल इन” यांसारखी दोन शब्दांची क्रियापदं घेताना एक गोष्ट सांभाळा. “यू”, “इट”, “देम” यांसारखं सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं: “वी’ल पिक यू अप”, “प्लीज फिल इट इन.” “पिक अप यू” असं कधीच नाही. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं, “पिक अप द बॅग्ज” किंवा “पिक द बॅग्ज अप.” वीज गेली तर “द करंट हॅज गॉन” म्हणू नका, बाहेरच्यांना समुद्राचा करंट आठवतो. “द पॉवर’ज आउट” म्हणा. “पायलट बोलावते” असंही सांगू नका. मोटारसायकलच्या मागे बसवून नेणारा पायलट आपल्या गोव्यातला, त्यांना विमान दिसतं. “अ मोटरबाइक टॅक्सी” हे सगळ्यांना कळतं. पार्किंग “बॅकसाइड”ला नसतं, “ॲट द बॅक” असतं. “बॅकसाइड” म्हणजे माणसाचा पार्श्वभाग.

“पोचलात की फोन करा” हे वाक्य तुम्ही दिवसातून कितीदा लिहीत असाल. मराठीत “पोचाल तेव्हा” असा भविष्यकाळ बसतो, म्हणून “व्हेन यू विल रीच” होतं. इंग्रजीत “व्हेन”, “इफ”, “अनटिल”, “ॲज सून ॲज”, “बिफोर”, “आफ्टर” यांनी सुरू होणाऱ्या तुकड्यात भविष्यासाठीही साधा वर्तमान: “कॉल अस व्हेन यू लँड.” “विल” जायचंच असेल तर दुसऱ्या तुकड्यात: “व्हेन यू लँड, द ड्रायव्हर विल बी आउटसाइड.” याला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही काउंटरवर भेटतात. “आय डोन्ट नो व्हेन ही’ल बी बॅक” यातला “व्हेन” म्हणजे “कधी”, “तेव्हा” नव्हे. तिथे “विल” चालतं. आणि “इफ यू’ल जस्ट साइन हिअर” हे अदबीचं वाक्य, त्यातलं “विल” भविष्याचं नसून राजीखुशीचं. एखाद्या वरिष्ठाने ते खोडलं तर वाद घालू नका, पण मनात खात्री ठेवा.

प्रश्नाचा शब्दक्रमही बघा. मराठीत “तो कुठे गेला?” आणि “तो कुठे गेला ते माहीत नाही” यात काही हलत नाही. इंग्रजीत सरळ प्रश्नात मदतनीस क्रियापद पुढे उडी मारतं: “व्हेअर डिड ही गो?” पण आधी “कुड यू टेल मी”, “डू यू नो”, “आय’ल फाइंड आउट” असं डोकं लागलं की उडी रद्द आणि “डिड” गायब: “डू यू नो व्हेअर ही वेंट?” एक वाक्य, एकच उडी. ती “डू यू”मध्ये होऊन गेलेली असते. हो-नाहीचा प्रश्न असेल तर मध्ये “इफ”: “आय’ल चेक इफ युअर रूम इज रेडी.”

तिसऱ्या गटात “सिन्स” येतं. “आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स” म्हटलं तरी पाहुण्याला बरोबर कळतं, पण कान खटकतो. “काम करते” या मराठी वर्तमानाची ती सावली. कालावधी असेल तर “फॉर टू इयर्स”, सुरुवातीचा क्षण असेल तर “सिन्स २०२३”, आणि क्रियापद “आय’व्ह बीन वर्किंग”. “लगेज”, “इन्फर्मेशन”, “फर्निचर”, “इक्विपमेंट”, “फीडबॅक” यांना एस लागत नाही, दोन नग मोजायचे असतील तर “टू बॅग्ज.” “रिव्हर्ट” आणि “डू द नीडफुल” दिल्ली-मुंबईच्या ट्रॅव्हल एजंटांशी खुशाल वापरा, ती आपली भारतीय इंग्रजी आहे आणि तिथे ती चोख चालते. बाहेरच्यांना मात्र “आय’ल गेट बॅक टु यू बाय सिक्स” लिहा. वेळ सांगितलेली त्यांना जास्त भावते.

आता पाहुण्यांच्या “चुका”. “मी अँड माय वाइफ आर इन टू-ओ-फोर”, “देअर्स टू बॅग्ज”, “लेस पीपल”, “इफ आय वॉज यू” हे सगळं इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली माणसंही रोज बोलतात. बोलण्यात “देअर्स” हा एक घट्ट तुकडा होऊन बसला आहे. पुढे काय येणार ते ठरण्याआधीच तो तोंडातून निघालेला असतो, म्हणून त्याचा अनेकवचनाशी मेळ राहत नाही. तुमच्या बाईही चुकीच्या नव्हत्या, त्या लिखाणाचे नियम शिकवत होत्या. ऐकताना दोन्ही समजून घ्या, ईमेल लिहिताना बाईंचं ऐका, बोलताना “माय वाइफ अँड आय”च्या फंदातही पडू नका, कारण त्या वाक्याची तुम्हाला तशीही गरज नाही.

एका बाबतीत मात्र शाळेला साफ बाजूला ठेवा. वाक्य “फॉर”, “टु”, “इन” वर संपवू नये हा नियम इंग्रजीत कधीच खरा नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत, आणि पिकअप ठरवताना पहिला प्रश्न हाच: “विच एअरपोर्ट आर यू फ्लाइंग इनटू?” हेच “इनटू विच एअरपोर्ट” करून विचारलं तर पाहुणा क्षणभर तुमच्याकडे बघत राहील. “हूम”चंही तेच, “हू डिड यू स्पीक टु?” एवढं पुरे.

पाहुणे शब्द गाळतात तेही ओळखायला शिका. “एनी चान्स ऑफ अ लेट चेकआउट?”, “माइंड इफ आय सिट हिअर?”, “बीन बिझी?” यात सुरुवातीचं “इज देअर”, “डू यू”, “हॅव यू” गळलेलं असतं. ब्रिटिशांचं “यू ऑलराइट?” ही तब्येतीची चौकशी नाही, नुसतं नमस्कार आहे; “येस, थँक्स, यू?” म्हटलं की झालं. आणि “आय’ड” ऐकलंत तर पुढचा शब्द पाहा. पुढे “लाइक” आलं तर तो “वुड”, “बेटर” किंवा “बीन” आलं तर “हॅड”. रशियन पाहुण्यांच्या बोलण्यात “अ” आणि “द” नसतात, कारण त्यांच्या भाषेतच ते नाहीत. त्यांच्याशी बोलताना तुम्हीही ते गाळू नका. फक्त वाक्य छोटं ठेवा आणि दोन शब्दांच्या क्रियापदांऐवजी एक शब्दाचं घ्या: “पुट ऑफ”पेक्षा “पोस्टपोन” त्यांना लवकर कळतं.

सरावाचं असं करा. वहीत काउंटरवरचे पंधरा प्रसंग लिहा: चेक-इन, उशिरा चेकआउट, बिलावरचा वाद, गीझर, टॅक्सी, हरवलेली किल्ली, असे. प्रत्येकाला वरच्यातला एकच साचा जोडा. आठवड्याला तीन साचे, प्रत्येकाची दहा वाक्यं, आणि ती वाक्यं लिहून सोडायची नाहीत तर फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायची. नुसतं लिहिणाऱ्याचं वाक्य काउंटरवर पुन्हा अडतं, कारण हाताला आलेलं जिभेला येत नाही. आणि सगळ्या चुका एकदम सुधारायला गेलात तर बोलणंच बंद पडेल. त्या आठवड्याचे तीन साचे सोडून बाकीचं चुकू द्या.

क्रियापदाची शेपटी पाहायला ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश ऑनलाइन फुकट आहेत. अर्थ वाचून बंद करू नका. उदाहरणांच्या आधी किंवा मध्ये ठळक अक्षरांत “सजेस्ट डूइंग समथिंग” असा साचा छापलेला असतो, तुम्हाला हवं ते तिथे आहे. काही कोशांत “समबडी”चं “एसबी” आणि “समथिंग”चं “एसटीएच” केलेलं असतं, त्याला बिचकू नका. एखादं वाक्य प्रत्यक्षात कसं उच्चारतात ते ऐकायचं तर यूग्लिश या साइटवर ते टाका. खऱ्या लोकांच्या व्हिडिओंतला तेवढाच तुकडा लागतो, ब्रिटिश की अमेरिकन तेही निवडता येतं.

शेवटचे दोन आठवडे फोनसाठी राखा. फोनवर हातवारे नसतात, चेहरा नसतो, म्हणून समोरासमोर चालून गेलेली वाक्यं तिथे पडतात. एखाद्या सहकाऱ्याला दुसऱ्या खोलीतून इंटरकॉमवर बोलायला लावा. उचलल्यावर “मायसेल्फ अमुक” नाही, “धिस इज अमुक ॲट रिसेप्शन.” नाव विचारताना “युअर गुड नेम” नाही, “कुड आय हॅव युअर नेम, प्लीज?” खोली तेरा की तीस असा घोळ झाला तर “वन-थ्री ऑर थ्री-ओ?” असं आकडे सुटे करून विचारा. आणि काही कळलं नाही तर “व्हॉट?” म्हणायचं नाही, “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” म्हणायचं. तेही दोनदा विचारूनही नाही कळलं, तर “कुड यू मेसेज दॅट टु मी?” म्हणा आणि हॉटेलचा व्हॉट्सॲप नंबर द्या.